सुकरीकाकीचं भांडण

आमची सुकरीकाकी फार मायाळू होती, असं हल्ली पाड्यावरचे लोक सांगतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. काकी मायाळू नव्हती. ती कजाग होती, तोंडाळ होती, आणि ती जिवंत असेपर्यंत हेच लोक तिला लांबून येताना पाहून दार ओढून घेत. माणूस मेलं की त्याला गोड करून टाकायची आपल्याला मोठी घाई असते. गोड माणसाचं ऐकावं लागत नाही ना!

माझ्या धाकट्या काकाची ती बायको. माहेर मोखाड्याकडचं. काका तरुणपणीच तापाने गेला. दोन मुलं झाली होती, ती त्याच्या आधीच गेली होती, दोन्ही पंधरा दिवसांच्या आत. भाऊ तिला माहेरी न्यायला आला तेव्हा तिने त्याला अंगणातच विचारलं, "तुझे घरात माझं शेत हाय काय?" तो म्हणाला, "नाय." "हितं हाय," एवढं बोलून ती आत गेली आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला बसली. काकाच्या वाट्याचे डोंगरउताराचे दोन तुकडे तिने पुढे एकटीने कसले. एकात नाचणी, एकात वरई.

तिची एक खोड फार वाईट होती. कुणाच्याही घरात शिरली की आधी चुलीकडे जायची आणि मडक्यावरचं झाकण उचलून आत बघायची. रामराम नाही, बसणं नाही. मडकं रिकामं असलं तर घरच्या माणसाला शिव्या, भरलेलं असून पोरं रडत असली तर बाईला शिव्या. "शिजवलंस काय?" हाच तिचा रामराम. रस्त्यात भेटलेल्या माणसालाही ती हेच विचारी, आणि तो "खाल्लं" म्हणाला तर "काय खाल्लंस?" म्हणून खोदून विचारी. खोटं बोललेलं तिला लगेच कळायचं. कोंबड्यांशी मात्र ती अदबीने बोलायची. "या बाय, खा बाय." माणसांच्या वाट्याला ती अदब कधी आली नाही.

आमचा पाडा जव्हारहून दिवसभराच्या वाटेवर, वावर-वांगणीच्या बाजूला. राजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मी पाड्यावरचा पहिला शिकलेला. जव्हारच्या शाळेत नुकताच खालच्या वर्गांना शिकवायला लागलो होतो, आणि डोक्यावर टोपी आल्यामुळे आपण कुणीतरी झालो, अशी माझी समजूत होती. शिमग्याच्या सुट्टीत घरी आलो तर दारात सगळी माणसं गप्प बसलेली. महादूदादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, जानीवहिनीला, मुलगी होऊन आठ दिवस झाले होते. बुधवारी झाली म्हणून बुधी. आणि बुधीला दूध गिळता येत नव्हतं.

ती छातीशी तोंड लावायची, चुळुकचुळुक करायची, पण ओढलं काहीच जायचं नाही. चार थेंब गेलेच तर ते दोन्ही नाकपुड्यांतून बाहेर. मग ठसका, मग ती निळी पडायची, मग रडणं. दिवसागणिक तिचं रडणं बारीक होत चाललं होतं. भगत येऊन गेला होता. बाहेरचं कुणीतरी दूध अडवतंय म्हणाला, कोंबडा घेऊन गेला. आय, म्हणजे माझी आई, कापसाच्या वातीने शेळीचं दूध पाण्यात घालून बुधीच्या तोंडात पिळत होती, आणि बुधी आडवी असल्यामुळे तेही नाकातून परत येत होतं. सगळे वाट बघत होते. कशाची, ते कुणी बोलत नव्हतं.

काकी भाचीच्या लग्नाला मोखाड्याकडे गेली होती, ती माझ्या पाठोपाठ दुसऱ्या दिवशी परत आली. आली ती सवयीप्रमाणे चुलीकडे गेली, झाकण उचललं, ठेवलं. मग वहिनीपुढे उकिडवी बसली. वहिनी भिंतीला टेकून होती, डोळे मिटलेले, छाती दगडासारखी झालेली, आणि दूध आपोआप गळून तिचा पदर ओलाचिंब.

काकीने तो पदर मुठीत धरला आणि ओरडली, "आगं ये जाने! तुझा पदर वला नि पोरीची जीभ कोरडी? ह्या काय चाललंय हितं?"

"तिला वढताच येत नाय काकी," वहिनी म्हणाली.

"मग पिळ नि दे. वाटी आण."

आय जागची उठली. "सुकरे, पिळायचं नाव काढू नको. पोर अजून जिती हाय."

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. आईचं दूध हाताने पिळून काढायचं ते फक्त मूल मेल्यावर. मेलेल्या मुलाच्या आईला भिंतीकडे तोंड करून बसवतात आणि दूध भिंतीवर पिळून घेतात, जमिनीवर पडून मुंग्यांनी खाऊ नये म्हणून. जिवंत मुलाच्या आईने दूध पिळणं म्हणजे आपल्या हाताने मरण बोलावणं. ही रीत कुणी काढली मला माहीत नाही. जो कुणी असेल त्याला कधी पोरं झाली नसावीत.

"जिती हाय म्हणूनच पिळते," काकी म्हणाली. "मेल्यावर कुणाला पाजू? भिंतीला?"

आयने कपाळाला हात लावला. दादा उठून बाहेर गेला. काकीने स्वतःच वाटी घेतली, वहिनीचा हात धरून तिला कसं दाबायचं ते दाखवलं, आणि वाटी निम्मी भरली. वहिनी दुखण्याने कळवळत होती आणि काकी तिच्या अंगावर ओरडत होती. "रड, पण हात थांबवू नको."

काकीला सगळं येत होतं असं समजू नका. पहिला घोटाळा तिनेच केला. दूध नाकातून येतं ना, मग नाक बंद करू, म्हणून तिने बुधीच्या नाकपुड्यांत कापूस कोंबला. तान्ह्या मुलाला तोंडाने श्वास घेता येत नाही, हे तिला कुठून कळणार? बुधी काळीनिळी पडली. काकीने कापूस उपटून काढला, पोरीला उलटी धरून पाठीवर थापलं, आणि मग स्वतःच्या तोंडात दोन थपडा मारून घेतल्या. "सुकरे, तुला खाल्ली वाघानं!" असं स्वतःलाच म्हणाली आणि परत बसली.

मग तिने नदीतली एक शिंप घेतली, दगडावर तिची कड घासून गुळगुळीत केली. बुधीला मांडीवर उभी धरली, एक पंजा मानेमागे, पाठ आपल्या पोटाला टेकवून. आयने पुन्हा आरडाओरडा केला, कारण मान न धरलेलं मूल उभं धरत नाहीत, मान मोडते म्हणतात. काकी म्हणाली, "मान माझे हातात हाय. तुझी धरू काय?" शिंपीची कड गालाच्या आतल्या बाजूला लावून एक थेंब सोडला. थांबली. बुधीने गिळला. दुसरा सोडला. तिसरा नाकातून आला. थांबली, पुसलं, परत सोडला. निम्मी वाटी संपायला एक अख्खा प्रहर लागला असावा. संपली आणि काकी वहिनीला म्हणाली, "आथा परत पिळ."

असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारची एक बाई चुलीसाठी विस्तव मागायला आली. आत डोकावली तर वहिनी भिंतीशी बसून दूध पिळत होती. तिने पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि विस्तव न घेताच मागल्या पावली परत गेली. आम्हाला वाटलं, चूल पेटली असेल तिची.

दुपार व्हायच्या आत बांधावरून रडण्याचा आवाज आला. बायका तोंडावर पदर घेऊन रांगेने येत होत्या, "गेली गं बाय, गेली" करत. त्यांच्या मागे पुरुष, दोघांच्या खांद्यावर कुदळी. शेजारच्या पाड्यावरून वहिनीची चुलत बहीण छाती बडवत आली. जिवंत पोरीला पुरायला तीस-चाळीस माणसं आमच्या अंगणात जमली, आणि आम्ही घरचे पुरुष दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत होतो. दादाला तर खरंच वाटलं, मघाशी आत काही झालं की काय.

आतून काकी ओरडली, "रडणं बंद करा गं! पोर दचकते, दूध सांडतंय माझं!"

रडणं थांबलं. दोन-तीन बायकांनी आत पाहिलं. काकीच्या मांडीवर बुधी उभी, तोंडात शिंप, डोळे उघडे. एवढ्यावर सगळ्यांनी हसून घरी जायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या गावात लोक तेच करतील. पण आमच्या पाड्यावरचे सगळ्यात म्हातारे बाबा पुढे आले आणि म्हणाले, "रडून झालं. ज्या पोरीसाठी बायका रडल्या ती मेल्यांत जमा. आथा तिला धरून ठेवू नका. खाली ठेवा. जायची ती जाईल."

कुणी बोललं नाही. आय बोलली नाही. दादा बोलला नाही. मी बोललो नाही. मला तेव्हा बेरीज-वजाबाकी येत होती, संस्थानच्या नकाशातली सगळी नावं पाठ होती, आणि आत बसलेलं मूल जिवंत आहे एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. हे मी लिहितोय तेव्हाही माझी कानशिलं तापतात.

काकीने आधी शिंपीतला थेंब संपवला. मग बुधीला तशीच छातीशी धरून बाहेर आली.

"बाबा, माझी दोन गेली तवा तुम्हीच होता ना?" ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला नव्हता. "त्यांचं पण नाकातून यायचं. तुम्ही म्हणला बाहेरचं हाय. मी गप बसले. तेरा दिसांत गेला पोरगा. मग तुम्ही बायकांना सांगून मला भिंतीकडं तोंड करून बसवली नि पिळून घेतलं. दोन दिस पिळत होते. भिंतीवरनं वघळ खाली आला. एवढं दूध होतं माझे अंगात. दुसरे खेपेला पण तेवढंच. भिंतीला पाजलात तुम्ही, माझे पोरांना नाय. माझी पोरं बाहेरच्यानं नाय नेली. भुकेनं मेली. घरात दूध असून भुकेनं मेली!"

अंगणात कुणाची मान वर नव्हती. काही बायका पुन्हा रडायला लागल्या, यावेळी आवाज न करता. त्यांच्यातल्या किती जणींनी भिंतीला पाजलं होतं, कोण जाणे. बाबा काठी टेकत वळले. "हिच्या तोंडाला लागायचं नाय," म्हणाले आणि गेले. आपलं चुकलं असं म्हणायला लागणारी ताकद आमच्या बाबांच्यात नव्हती. डोंगर चढायची मात्र नव्वदाव्या वर्षापर्यंत होती.

कुदळीवाले दोघे मागे उभेच होते, कुठे बघावं ते न कळून. काकी त्यांच्यावर घसरली. "तुम्ही रे? खणायला आलात ना? मग खाली व्हळात जावा नि पाण्याला झिरा खणा. हंडा भरायला अर्धा दिस जातो आमचा." आणि ते खरोखर गेले. ओहळाच्या वाळूत त्यांनी कमरेएवढा खड्डा खणला, संध्याकाळपर्यंत त्यात पाणी साचलं. शिमग्यापासून मिरगापर्यंत पाडा ते पाणी प्यायला, आणि कुदळी कशासाठी आणल्या होत्या याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढचे महिने आमच्या घरात सुख होतं असं नाही. दिवसातून आठ-दहा वेळा दूध पिळायचं, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ पाजायचं. वहिनी वाळून काटकी झाली. ती आणि काकी रोज भांडत. एकदा वहिनीने वाटी आपटून सगळं दूध सांडलं आणि म्हणाली, "मरू दे एकदाची, सुटू दे मला." काकीने तिला मारलं नाही, समजावलंही नाही. मडक्याचं झाकण उचललं, भात वाढला, पुढे सरकवला. "तू जेवली नायस सकाळपासून. जेव. मग मार." वहिनी जेवली. मग परत पिळायला बसली. आय तीन महिने त्या वाटीला शिवली नाही. मग एकदा काकी शेतातल्या राबावरून लवकर परत आली तर आय बुधीला उभी धरून शिंपीने पाजत होती. दुसरी कुणी असती तर जावेच्या गळ्यात पडली असती. काकी म्हणाली, "शिंप वाकडी धरलीस बाय. गालाला लाव, जिभेला नको."

पावसाळ्याआधी मी हट्ट धरून सगळ्यांना जव्हारला नेलं, दवाखान्यात. डॉक्टरांनी बुधीचं तोंड उघडून उजेडाकडे धरलं आणि मला दाखवलं. टाळूला मागे भोक होतं, माझी करंगळी जाईल एवढं. बाहेरचं होतं ते एवढंच. "अशी मुलं सहसा जगत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ही कशी जगली?" काकीने सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, भले माणूस होते. पण काकीने लगेच विचारलं, "जी नाय जगली, त्यांच्या आयांना तुम्ही सांगितलंत काय, पिळून पाजा म्हणून?" डॉक्टर म्हणाले, "त्या इथपर्यंत येतच नाहीत." "मग तुम्ही जा," काकी म्हणाली. मी घाईघाईने तिच्या वतीने माफी मागितली.

त्याच दिवशी तिने माझी आणखी एक फजिती केली. आमच्या हेडमास्तरांकडे निरोप द्यायला गेलो तर मी ओसरीवर टोपी नीट करतोय तोवर ही सरळ आत, आणि पातेल्यावरचं झाकण हिच्या हातात! हेडमास्तरीणबाईंनी किंचाळून तो सगळा भात मागच्या दारी ओतून दिला. मी हात जोडून उभा. काकी परत येताना वाटभर एकच म्हणत होती. "भात चांगला होता रे. माणसानं बघितला म्हणून टाकायचा?" मला तेव्हा तिची लाज वाटली. आता त्या भाताची वाटते.

बुधी जगली. नाकात बोलते, परक्याला अर्धं कळत नाही. पातळ काही प्यायला घेतलं तर अजूनही मान थोडी वर धरते. लग्न झालं, तीन मुलं आहेत, आणि जिभेने ती काकीच्याही वरचढ निघाली.

काकीला मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या सुट्टीत. तोवर मी मोठा मास्तर झालो होतो, पंचक्रोशीत लोक उठून जागा देत. काकी म्हातारी झाली होती, गुडघे धरले होते. बाजाराला जाणाऱ्या एका बाईकडून तिला कळलं, वांगणीच्या वाटेवरच्या एका पाड्यात दहा दिवसांचं मूल आहे, दूध नाकातून येतं. काकी हातातलं सूप ठेवून तशीच निघाली. मी सोबत गेलो. दोन कोस चालायला तिला सकाळ पुरली नाही. पोचलो तर पुरुष अंगणात बसले होते आणि भिंतीला टेकवलेल्या कुदळीची माती ओली होती.

काकी दारातच थांबली. "माझं नाव ठावं होतं ना तुम्हाला?" तिने विचारलं. "दोन कोसांवर सुकरी राहते, ठावं होतं ना?"

घरचा कर्ता माणूस म्हणाला, "ठावं होतं बाय. पण रडून झालेल्या पोरीला तू वाढवलीस. तुझे हाताला मेल्याचा विटाळ लागलाय म्हणतात. कसं बोलावू?"

मग काकी ओरडायला लागली. आईच्या अंगात दूध होतं काय, होतं ना, मग वाटी नव्हती काय घरात, हात नव्हते काय, उभी धरायची पोर, गालाला लावायची शिंप, थेंबाथेंबानं सोडायचं, एवढं होतं, एवढंच होतं! शिव्या देत होती आणि मधे मधे हे सांगत होती. आत काकीसारखीच कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलेली असणार. कर्ता माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेले. दुःखाच्या घरात हे शोभतं काय? न्या हिला."

मी काकीचा दंड धरला. "चल काकी," म्हणालो. "आता काय उपयोग?" ती हलेना, तेव्हा मी तिला ओढत अंगणाबाहेर काढली. लोकांनी वाट करून दिली. दोघा-तिघांनी मला हात जोडले.

उतारावर ती पाय ओढत चालत होती. मला वाटलं, थकली. ओहळाशी थांबून ती पाणी प्यायली, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या घरात दोन सुना पोटुशा होत्या. दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या."

आम्ही फार लांब आलो नव्हतो. वर अंगणातली माणसं अजून दिसत होती. मी परत फिरलो नाही.